एकरेणू निरीक्षण

द्रव्यातील किंवा सजीव पेशीतील एकच रेणू वेगळा ओळखणे, त्याची हालचाल टिपणे व त्याने लावलेले बल मोजणे यांसाठीची तंत्रे. रसायनशास्त्रातील नेहमीची मापने अब्जावधी रेणूंची सरासरी देतात. एखादा रेणू वाटेत थबकला किंवा मागे सरकला, तर ते सरासरीत बुडून जाते. या तंत्रांचे खरे मोल तेवढ्यासाठीच आहे.

१९८९ मध्ये विल्यम मोर्नर व लोथार काडोर यांनी अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत, द्रव हीलियमने थंड केलेल्या स्फटिकातील पेंटासीनच्या एकेका रेणूचे प्रकाशशोषण नोंदवले. पुढच्याच वर्षी मिशेल ऑरिट व जॅकी बर्नार यांनी शोषणाऐवजी रेणूने उत्सर्जित केलेला प्रकाश, म्हणजे प्रतिदीप्ती, मोजली. गडद पार्श्वभूमीवर एवढासा उजेडही उठून दिसतो, म्हणून हीच रीत रूढ झाली. सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकात एकच दिसतात. रेणू आळीपाळीने उजळवून प्रत्येकाचा मध्य काढला की ही मर्यादा ओलांडता येते. एरिक बेट्झिग यांनी ते २००६ मध्ये दाखवले. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात स्टेफान हेल यांच्यासह बेट्झिग व मोर्नर हे मानकरी होते.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजले. सुदीप्त माइती यांनी लेसरच्या केंद्रबिंदूतून रेणू ये-जा करताना प्रकाशात होणाऱ्या चढउतारांवरून अल्झायमरशी संबंधित प्रथिनांचा अभ्यास केला. त्याच संस्थेत तेव्हा काम करणारे रूप मल्लिक यांचे कार्य विशेष लक्षणीय आहे. आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलेला प्रकाशीय चिमटा हे त्यांचे साधन. लेसरच्या झोतात धरलेला मणी केंद्रापासून किती ओढला गेला, यावरून त्याला ओढणाऱ्या प्रथिनाचे बल कळते. पेशीत माल वाहणारे कायनेसिन हे प्रथिन एकटे सुमारे ५ ते ६ पिकोन्यूटन बल लावते, तर तसेच काम करणारे डायनीन जेमतेम १. मात्र भार वाढला की डायनीन गाडीचा गिअर बदलावा तसे पाऊल आखूड करते, हे मल्लिक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कॅलिफोर्नियात दाखवले. पुढे मुंबईत, २०१३ मध्ये, पेशीने गिळलेल्या कणांवर मापने घेतली तेव्हा दिसले, की दुबळी डायनीने भार वाटून घेत एकत्र ओढतात, बलवान कायनेसिनांना मात्र हे नीट जमत नाही. शरीरात शिरलेला जंतू पेशीच्या आत नेऊन नष्ट करण्याच्या क्रियेशी याचा थेट संबंध आहे.

या कार्यासाठी मल्लिक यांना २०१४ मध्ये भटनागर पुरस्कार व २०१८ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.