वत्सगुल्म ते कॉपीराइट: दुसऱ्याचं घ्यायचं, पण कसं?

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचा पेपर आला की आपण सगळे एकच गोष्ट पाठ करतो, ती म्हणजे टक्केवारी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० ही पहिली पातळी, ४० ते ६० दुसरी आणि ६० च्या वर तिसरी. पण मजकूर किती जुळला, एवढंच हा आकडा सांगतो. कुणाचं घेतलं, कुणी घेतलं, आणि ज्याचं घेतलं त्याचं नाव उरलं का, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी थोडं मागे, वाशिमला जावं लागेल.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि या शाखेची ओळख पक्की झाली. शाखेचा संस्थापक सर्वसेन, काळ इसवी सनाचं चौथं शतक. हा राजा कवीही होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला, त्याची ही कथा.

हे काव्य आज अखंड रूपात उपलब्ध नाही. मग ते आपल्याला माहीत कसं? दुसऱ्यांनी त्याबद्दल लिहिलं आणि त्यातले श्लोक उद्धृत केले म्हणून. मूळ कथेत रसासाठी बदल कसा करावा, हे सांगताना आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हरिविजयाचा दाखला दिला. कुंतकाने सर्वसेनाचं नाव थेट कालिदासाच्या जोडीने घेतलं. भोजाने आपल्या ग्रंथांत त्यातल्या अनेक गाथा दिल्या. पुढे वि. म. कुलकर्णींसारख्या अभ्यासकांनी साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतले हे प्राकृत श्लोक गोळा करून शुद्ध केले. म्हणजे वाशिमच्या राजाचं काव्य जे काही वाचलं, ते समीक्षकांनी नावानिशी घेतल्यामुळे वाचलं.

आता दुसरा ग्रंथ घेऊ, राजशेखराची 'काव्यमीमांसा'. राजशेखर साधारण इ.स. ९०० च्या सुमाराचा, कनौजच्या प्रतिहार दरबारातला. आपल्या पणज्याला मात्र तो महाराष्ट्राचं भूषण म्हणवतो. हा ग्रंथ १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला खंड म्हणून छापून आला. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं, ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. तुम्ही वाशिमचे असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा!

याच ग्रंथात पुढची काही प्रकरणं 'हरण' या विषयावर आहेत, म्हणजे दुसऱ्या कवीचे शब्द किंवा अर्थ उचलणं. राजशेखर त्याचे प्रकार पाडतो. आरशातल्या प्रतिबिंबासारखी नक्कल वेगळी आणि दोन वेगळ्या माणसांत दिसावं तसं साम्य वेगळं. बाकीच्या चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, पण वाणीची चोरी नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, अशी एक जुनी समजूतही तो नोंदवतो.

आणि मग तो आपल्या बायकोचं, अवंतिसुंदरीचं मत मांडतो, तेही तिच्या नावाने. ती म्हणते, काही कारणं असतील तर खुशाल घ्यावं. तिची कारणं थोडक्यात अशी: तो अप्रसिद्ध आणि मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी गोड. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. मूळ कर्ता दूरदेशी आहे, किंवा त्या रचनेचे जाणकारच उरलेले नाहीत. हे सरळ मत म्हणून वाचा किंवा तिरकस टोमणा म्हणून वाचा, साहित्यातली प्रसिद्धी कशी काम करते ते तिने नेमकं पकडलं आहे. घेणारा मोठा असला की घेतलेलं त्याचंच होऊन जातं.

इथे एक सावधगिरी बाळगा. हे वाचून लगेच 'आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच कॉपीराइट होता' असं लिहू नका. राजशेखराच्या जगात कवीला हक्क नव्हता, कोर्ट नव्हतं, नुकसानभरपाई नव्हती. होती ती फक्त कीर्ती आणि अपकीर्ती. साम्य दाखवणं आणि उगम सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएच.डी.च्या मुलाखतीत यावरच अडवतात.

आता आजचा कायदा पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ 'फेअर डीलिंग'ला परवानगी देतं. संशोधनासह खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, असे हेतू त्यात नेमून दिलेले आहेत. अमेरिकेतला 'फेअर यूज' वेगळा. तिथे हेतूंची यादी बंदिस्त नाही, चार निकष लावून न्यायालय ठरवतं. आपण बोलताना दोन्ही शब्द सरमिसळ करून वापरतो. प्रबंधात करू नका. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. आणि कलम ५७ नुसार हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगायचा लेखकाचा अधिकार राहतो. हे कलम नावाचं आहे, पैशाचं नाही.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र चित्र उलटं झालंय. पूर्वी प्रसिद्ध माणूस अप्रसिद्धाचं उचलायचा. आज एआय वापरून कुणीही अनोळखी माणूस प्रसिद्ध गायकाचा आवाज उचलू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अशा वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. व्यक्तिमत्त्व हक्कांचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खासगीपणा, पासिंग ऑफ आणि कलावंताचे हक्क यांच्या आधारावर न्यायालयं तो घडवत आहेत. हे संरक्षण योग्यच आहे. पण ते मिळवायला आधी नाव लागतं, ओळख लागते, वकील लागतो.

मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांचं काय? वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. समजा तुम्ही त्या भागातल्या तांड्यावर जाऊन होळीची लेंगी गीतं रेकॉर्ड केलीत. गाणारी बाई अप्रसिद्ध, तिच्या गोरबोलीला विद्यापीठात फारसा मान नाही, आणि तुम्ही तर होऊ घातलेले डॉक्टर. अवंतिसुंदरीची यादी पुन्हा वाचा. एकेक कारण लागू पडतं.

कायदा इथे तुम्हाला अडवत नाही. कलम ३९ प्रमाणे निव्वळ संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा कलावंताच्या हक्काचा भंग ठरत नाही. पण तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलंत की ती सवलत तुमच्या कामाची नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३८ ब सांगतं की कलावंताला कलावंत म्हणून ओळख मिळायचा हक्क आहे. लोकगीताचा कर्ता माहीत नसेल, गाणारी मात्र तुमच्यासमोर बसलेली असते. आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर? ते गीत त्याच्या साठ्यातच नाही. अहवालात शून्य टक्के येईल आणि तरीही तुम्ही घेतलेलं असेल.

म्हणून कामाला लागताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. कॉपीराइट भंग होतोय का, हा कायद्याचा प्रश्न. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांनी तो संपतो. वाङ्मयचौर्य होतंय का, हा नीतीचा प्रश्न. तो कधीच संपत नाही. सर्वसेनाच्या श्लोकावर आज कुणाचा हक्क नाही, पण तो स्वतःच्या नावावर खपवता येणार नाही. तिसरा प्रश्न कायद्यात नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही नाही: आपण हे नाव लिहिलं नाही तर ते दुसरीकडे कुठे उरणार आहे का?

याचं उत्तर 'नाही' असेल तर ते नाव ऋणनिर्देशाच्या गर्दीत टाकू नका. गाणाऱ्या बाईला विचारा, तिची हरकत नसेल तर नाव, तांडा आणि तारीख गीताच्या खालीच लिहा. अवंतिसुंदरीचं ते मत आज तिचं म्हणून आपल्याला माहीत आहे, कारण राजशेखराने ते स्वतःच्या नावावर घेतलं नाही.