बोन्साय: हौस की अनर्थदंड?



मागे सासूबाईंना घेऊन एका बोन्साय प्रदर्शनाला गेले होते. तारेनं आवळलेली एक फांदी पाहून त्या थबकल्या. म्हणाल्या, "अगं, एकेंद्रिय असला तरी जीवच ना तो? त्याला असं बांधून काय मिळवायचं?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी एका झाडाचा इतिहास वाचायला घेतला.

त्या झाडाचं जपानी नाव बोके. हसू नका, आपल्या मांजराशी त्याचा संबंध नाही! खोकल्यावर आपण बिहीदाणा भिजवून देतो, त्या बिहीचं हे चुलत भावंड. काटेरी झुडूप, आणि पानं फुटण्याआधीच काड्यांवर लाल, गुलाबी, पांढरी फुलं. मोठं बोके मूळचं चीनकडचं, फार पूर्वी जपानात गेलेलं. ठेंगणं रानटी बोके मात्र जपानचंच. डच कंपनीचा स्वीडिश डॉक्टर थुनबर्ग १७७५-७६ मध्ये जपानात होता. त्यानं १७८४ साली या ठेंगण्या झुडपाची नोंद नासपतीच्या कुळात केली. पुढे १७९६ मध्ये जोसेफ बँक्स यांनी चिनी बोके लंडनच्या क्यू बागेत आणलं, तर लोक त्यालाच थुनबर्गचं जपानी झाड समजून बसले!

उथळ कुंडीत झाड वाढवायची रीतही चीनमधूनच जपानला गेली. १३०९ सालच्या एका जपानी चित्रपटात, म्हणजे गुंडाळी करून ठेवायच्या लांब चित्रात, अशी झाडं दिसतात. बोकेतलं बोन्सायवाल्यांचं लाडकं म्हणजे बारीक पानाफुलांचं 'चोजुबाई'. या नावात दीर्घायुष्य आहे.

त्याची निगा वाचताना मला सासूबाईंचा प्रश्न सारखा आठवत होता. बोकेच्या बुंध्याशी सतत कोंब फुटतात. एकच खोड ठेवायचा हट्ट धरला तर जन्मभर कोंब कापत बसावं लागतं. म्हणून जपानी माळी त्याचा अनेक खोडांचा झुपका होऊ देतात. जुनी फांदी वाकवली तर काडकन मोडते, म्हणून तार फक्त कोवळ्या काडीला, आणि तीही सालीत रुतण्याआधी काढायची. बहुतेक बोन्सायांची कुंडी वसंतात बदलतात, बोकेची मात्र शरदात. वसंतात मुळं छाटली तर जखमेतून जिवाणू शिरून मुळांवर गाठी येतात. छाटणी फुलं सरल्यावर करायची. आणि पाणी? उन्हाळ्यात माती कोरडी पडू द्यायची नाही.

नात्सुमे सोसेकी यांच्या 'कुसामाकुरा' (१९०६) या कादंबरीतल्या चित्रकाराला वाटतं, की साधेपणा जपणारी माणसं पुढच्या जन्मी बोके होत असावीत. त्यालाही तो जन्म हवासा वाटतो. आपल्या दृष्टीनं मनुष्यगती सोडून वनस्पतिकायात जाणं ही उतरणच! पण झाडात त्यालाही जीव दिसला, हे मला भावलं.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण वनस्पती तोडणं हा अनर्थदंड सांगितला आहे. सगळा प्रश्न त्या 'विनाकारण'पाशी येतो. केवळ दिवाणखान्याची शोभा हे कारण होतं का? मला नाही वाटत. शिवाय बोकेला हिवाळ्याची खरी थंडी लागते. आपल्या उकाड्यात ते आणणं म्हणजे त्याला छळणंच.

म्हणून मी ठरवलं, हौसेसाठी नवं बोन्साय करायचं नाही. पण कुणी केलेलं झाड आपल्या हाती आलं, तर ते वाऱ्यावर सोडणं ही अहिंसा नव्हे. चार बोटं मातीत ते पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतं. त्याला रोज पाणी घालणं ही आपली जबाबदारी.

हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खरं गं. पण कोवळ्या काडीला तरी तार कशाला?"

याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.

जय जिनेंद्र!