सिनेमा काय शिकायचा असतो?

सिनेमा हा कॉलेजात शिकायचा विषय आहे असं आमच्या अहमदपुरात कुणाला सांगितलं, की प्रश्न ठरलेला, "हिरो व्हायलास का काय?" पोरगं इंजिनिअर झालं, आता हे कुठलं खूळ! म्हणून आज थोडा इतिहास.

‘प्रभात’ कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. ती बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. कॅमेरा, संकलन शिकवणं आपण समजू शकतो. पण इथे ‘चित्रपट रसास्वाद’ हाही विषय होता. तो शिकवायला आग्र्याहून सतीश बहादूर आले. मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक!

‘पाथेर पांचाली’ (१९५५) हा त्यांचा खास अभ्यासाचा चित्रपट. त्यातला एक प्रसंग बघा. हरिहर खूप दिवसांनी घरी परततो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीतच नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो बायकोला दाखवतो. सर्वजया कोसळते, पण तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी वाजते तारशहनाई. आता सांगा, न ऐकलेलं रडणं जास्त का लागतं? हा प्रश्न तंत्राचा नाही, तत्त्वज्ञानाचा आहे. आणि एकदा बघून तो सुटत नाही. कोड वाचतो तसं थांबून, मागे जाऊन बघावं लागतं.

त्यासाठी चित्रपट हाताशी हवा ना! १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्यभर रिळं जमवली. तरी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आज पूर्ण मिळत नाही. बॅकअप नसला की काय होतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

बरं, हे सगळं पुण्यातच शक्य का? तर नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ संस्थेने रसास्वादाची शिबिरं भरवली आणि बहादूर तिथेही शिकवायला गेले. खेड्यातल्या माणसांनी जगातले मोठमोठे चित्रपट पाहिले, त्यावर चर्चा केल्या.

आता तर रिळांचीही अडचण उरली नाही, चित्रपट खिशातल्या मोबाईलवर आहेत. हवी आहे एक खोली, एक प्रोजेक्टर, आणि मध्येच चित्रपट थांबवून "असं का?" विचारणारा एक मास्तर. अहमदपुरात कॉलेजं आहेत, पोरंही हुशार आहेत. आणि हेग्गोडू आपल्या गावापेक्षा लहानच आहे, मंडळी.