टेलिफोटो झूम लेन्स : अनंतापलीकडचा फोकस

बऱ्याच टेलिफोटो झूम लेन्सची फोकस-रिंग अनंताच्या (∞) खुणेवर न थांबता थोडी पुढे फिरते. हा दोष नसून मुद्दाम ठेवलेली सोय आहे. तापमान बदलले की लेन्सची नळी व भिंगे प्रसरण-आकुंचन पावतात, काचेचा अपवर्तनांकही बदलतो आणि अनंताचा खरा फोकस खुणेच्या अलीकडे-पलीकडे सरकतो. केंद्रांतर मोठे असल्यास हा फरक अधिक जाणवतो. फ्लुओराइटची भिंगे उष्णतेला विशेष संवेदनशील असतात. कॅननने फ्लुओराइट वापरलेली ३०० मिमी. लेन्स १९६९ मध्ये बाजारात आणली. कंपनीच्या मोठ्या टेलिफोटो लेन्सचा पांढरा रंग उन्हाची उष्णता परावर्तित करण्यासाठीच असतो. कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या ऑटोफोकसलाही अशी मोकळीक लागते. कमाल स्पष्टतेचा बिंदू ओलांडून मागे आल्यावरच तो निश्चित होतो. काही लेन्सवर अनंताच्या चिन्हाशेजारी आडव्या ‘एल’ आकाराची खूण असते. ती हा पल्ला दाखवते.

अनेक झूम लेन्समध्ये केंद्रांतर बदलताच फोकसही हलतो. म्हणून तारे किंवा चंद्र टिपताना रिंग शेवटपर्यंत फिरवू नये. हवे ते केंद्रांतर आधी ठरवावे, लाइव्ह व्ह्यूमध्ये तेजस्वी तारा मोठा करून तो सर्वांत लहान बिंदू दिसेपर्यंत हाताने फोकस करावा आणि रात्री गारवा वाढल्यास पुन्हा तपासावा.