करदोडा, चंची आणि खुरपे

नांदेड आणि लातूर भागातल्या जुन्या पिढीच्या शेतकऱ्याच्या अंगावर खिसा असा फारसा नसे. खाली धोतर, वर बंडी किंवा पैरण, डोक्याला पटका. किल्ली, बारीक हत्यार, चार पैसे जे काही जवळ बाळगायचे ते कमरेच्या करदोड्याला बांधायचे, कनवटीला खोचायचे नाहीतर चंचीत ठेवायचे. करदोड्याला पुष्कळदा एका कडीत ओवलेला लहानसा जुडगा लटकत असे. त्यात एक चिमटा, एक कानकोरणे आणि एक दातकोरणे. लोखंडाचा, पितळेचा आणि ऐपत असेल त्याच्याकडे चांदीचा.

तिघांत खरे काम चिमट्याचे. शेताच्या कडेला बाभूळ आणि बोरी, कुंपणाला त्यांच्याच फांद्या, आणि चालणारा अनवाणी किंवा झिजलेल्या वहाणांत. काटा मोडून आत राहिला तर पाऊल पिकते आणि ऐन सुगीत माणूस घरी बसतो. त्यामुळे दातकोरण्याच्या टोकाने कातडी उकरायची आणि चिमट्याने काटा ओढून काढायचा, हा उपचार बांधावरच होई. तोच चिमटा बैलाच्या कानामागची गोचीड काढायला आणि धोतरात रुतलेली कुसळे वेचायला चाले. दातकोरण्याने घट्ट बसलेली सुतळीची गाठ सुटे.

एकाच कडीत अनेक हत्यारे बांधण्याची कल्पना जगात जुनीच आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले एक घडीचे साधन आहे, त्यात चमचा, काटा, सुरी, टोचा आणि कोरणे एकाच मुठीत मिटतात. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने शिपायांना जो घडीचा चाकू दिला, त्यात पात्याबरोबर टोचा, डबा उघडण्याचे साधन आणि बंदुकीचे स्क्रू फिरवण्याचे पेचकस होते. शिपायाला बंदूक खोलावी लागे आणि डब्यातले अन्न खावे लागे, म्हणून ती पाती. मराठवाड्यातल्या कुणब्याला स्क्रूही नव्हता आणि पत्र्याचा डबाही नव्हता. त्याच्या कमरेला काटा काढण्याची सोय होती आणि चंचीत सुपारी फोडण्याची. कुठल्या मुलखात कसले काम होते, हे अशा जुडग्यांवरून जितके नेमके कळते तितके मोठ्या हत्यारांवरून कळत नाही.

चंची म्हणजे कापडाची, आत कप्पे शिवलेली, गुंडाळून दोरीने बांधायची पिशवी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, तंबाखू निराळी, चुन्याची डबी निराळी, आणि सगळ्यांत जड जिन्नस अडकित्ता. अडकित्त्याची रचना साधी आहे. दोन दांड्या एका खिळ्यावर फिरतात, वरच्या दांडीला धार, खालची बोथट. पण हाताचा जोर खिळ्याजवळ कित्येक पटींनी वाढत असल्याने दगडासारखी सुपारी चिरली जाते. असा जोर देणारे दुसरे हत्यार सामान्य घरात नव्हते. मग सुपारी हे त्याचे एकच काम कसे राहील? हळकुंड, सुके खोबरे, खारीक, बदाम, गुळाचा कडक खडा असे जे जे विळीवर निसटते ते अडकित्त्यात येई. कैऱ्या फोडायला याच तत्त्वाचा मोठा, लाकडी पाटावर बसवलेला अडकित्ता असे. लोणच्याच्या दिवसांत तो घरोघर फिरायचा, कारण गल्लीत एखाद्याकडेच असायचा.

घडणीच्या बाबतीत उदगीरकडची मंडळी नशीबवान होती, कारण बीदर शेजारी. जस्ताच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवणारे बिदरी कारागीर पानदान आणि पानाचे इतर साहित्य घडवीत, आणि ते श्रीमंत घरांत दिवाणखान्यात मांडले जाई. गावातला अडकित्ता मात्र लोहाराच्या भात्यावर तयार होई. फार तर दांड्यांच्या टोकाला पोपट किंवा घोड्याचे तोंड.

अडकित्त्याचा सर्वांत अनपेक्षित उपयोग लग्नात होतो. हळद लागल्यापासून नवरदेवाने लोखंडाची धारदार वस्तू हातात बाळगायची आणि तिच्या टोकाला लिंबू खोचायचे, ही चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. ज्याच्याकडे कट्यार तो कट्यार धरतो, नसेल तो सुरी किंवा अडकित्ता. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवण्यामागेही लोखंडाने बाधा टळते हीच समजूत. सुपारी फोडण्याच्या हत्याराला कट्यारीचा मान मिळतो तो असा, आणि लग्नघरात कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

चंचीतच चकमकही राही. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि चटकन पेट घेणारा कापूस, एवढ्यावर चिलीम पेटे. दख्खनच्या काळ्या खडकात गारगोट्यांना तोटा नव्हता. मग बाहेरचा माल घेऊन गोदावरी खोऱ्यातून जाणारी हैदराबाद-मनमाड रेल्वे १९००च्या सुमारास नांदेडला आली, आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. १९२३ मध्ये विमको कंपनी स्थापन झाल्यावर अंबरनाथला आगपेट्या निघू लागल्या. चकमकीला निवृत्त करायला एवढे पुरेसे होते.

जुडग्याचा थोरला भाऊ म्हणजे न्हाव्याची धोकटी. चामड्याच्या या पिशवीत वस्तरा, कातर, नख काढायची नऱ्हाणी, चिमटा, कानकोरणे, वाटी, आरसा आणि धार लावायचा दगड असे. बलुतेदारीच्या काळात न्हावी केवळ हजामत करून थांबत नसे. खोल गेलेला काटा काढणे, गळू फोडणे, कानातला मळ काढणे ही कामेही त्याचीच. नऱ्हाणी नखासाठी घडवलेली, पण तिच्या आडव्या धारेने कुरूप सोलले जाई. दवाखाना तालुक्याच्या गावी आणि तालुका बैलगाडीने एक दिवसाच्या वाटेवर, अशा परिस्थितीत धोकटीतली हत्यारे वैद्यकीत शिरली नसती तरच नवल.

एका हत्याराकडून दहा कामे करून घेण्याची सवय हौसेतून आली नाही. लोखंड महाग होते, म्हणून आली. आणि हे ज्या भागात घडले त्याच्या शेजारीच जगप्रसिद्ध पोलाद तयार होत होते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम गाव आहे. तेथे मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या वड्या तयार होत आणि त्या विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी या शास्त्रज्ञाने त्या भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले. ते पोलाद परदेशी तलवारींत गेले. कुणब्याच्या खुरप्याला मिळाली ती बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव, आणि ट्रक आल्यावर त्याचा मोडका कमानपाटा. कमानपाट्याचे पोलाद चांगले असते. त्यामुळे मोडीतून घडलेले खुरपेही वर्षानुवर्षे टिकते.

हे घडवणारे दोन प्रकारचे. गावचा लोहार बलुतेदार होता. वर्षभर फाळ, विळे, खुरपी शेवटून द्यायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचे, हा त्याचा व्यवहार. दुसरा घिसाडी. गाढवावर किंवा गाडीवर भाता आणि ऐरण लादून तो गावोगाव फिरे, वेशीबाहेर पाल ठोकी आणि रोखीने किंवा धान्यावर काम करी. त्याची बायको बहुधा घण मारी, आणि ते काम पाहिलेल्या कोणालाही या धंद्यात कष्ट कोणाचे जास्त हे सांगावे लागत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे आणि इतर जनावरांचा हा मोठा बाजार भटक्या जमातींचाही वार्षिक मेळावा असतो.

खुरपे खिशात मावत नाही, पण मुठीत मावते आणि कमरेला खोचता येते. निंदणी हे त्याचे नेमून दिलेले काम. हरळी उकरणे, मिरचीच्या रोपासाठी खड्डा करणे, बांधावरचे गवत कापणे, पाटाचे दार फोडून पाणी वळवणे, पोत्याचे तोंड कापणे, विंचू मारणे, शेतातल्या जेवणात कांदा चिरणे ही सगळी न नेमलेली कामे. निंदणी बायकांकडे असल्याने खुरपे हे मुख्यतः त्यांचे हत्यार. पुरुषांच्या अडकित्त्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. लातूरच्या आडतीत दाभणाची तीच गत. पोती शिवण्याच्या या जाड वाकड्या सुईने फाटकी ताडपत्री, तुटलेली वहाण आणि बैलाची झूल यांचीही डागडुजी होते.

नांदेडमध्ये खुरप्याच्या अगदी उलट टोकाचे एक पातेही आहे, शिखांची कृपाण. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये येथे आले आणि त्याच वर्षी येथेच त्यांचे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात सचखंड गुरुद्वाऱ्याची इमारत बांधवून घेतली. गुरुद्वाऱ्याच्या परिसरातल्या दुकानांत कृपाणे आणि कडी ओळीने मांडलेली दिसतात. शस्त्रे घडवण्याची परंपरा सांगणारा शिकलगार समाजही नांदेडमध्ये वसला आहे, आणि त्यातल्या अनेकांचे पोट आज कढया, तवे, बादल्या आणि सुऱ्यांवर चालते. शीख पुरुष किंवा स्त्रीच्या अंगावरची कृपाण मात्र सुपारी फोडायला किंवा दोरी कापायला काढत नाहीत. कढाह प्रसाद वाटण्यापूर्वी त्याला कृपाणीचा स्पर्श करतात, तेवढे एक स्वयंपाकाजवळचे काम तिच्याकडे येते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात समाविष्ट मानले आहे. दहा कामांचे खुरपे आणि एकाच अर्थाची कृपाण एका बाजारात विकली जातात, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गावांत विळा, खुरपे, वस्तरा, अडकित्ता यांना हळदकुंकू लागते. त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत.

या साऱ्या संचाचा मोड एकदम झाला नाही. शर्टाला खिसा आला आणि चंची सुटली. चपला सर्रास झाल्या आणि चिमट्याची गरज कमी झाली. नेलकटर किल्ल्यांच्या जुडग्यात आला. त्याला छोटी सुरी आणि कोरणेही असते, म्हणजे करदोड्यावरचा संच नाव बदलून परत आला. अडकित्त्याला मात्र बारीक केलेल्या सुपारीच्या पुड्यांनी आणि गुटख्याने मारले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण तोपर्यंत सुपारी स्वतः कातरणारे हात थकले होते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा देखणा संग्रह आहे आणि तो अवश्य पाहावा. पण तिथे दिसतात ते बहुतांशी नक्षीचे, हौसेचे अडकित्ते. गावच्या लोहाराने घडवलेला बिननक्षीचा अडकित्ता, चिमटा-कोरण्याचा जुडगा आणि धोकटीतली नऱ्हाणी आजही मराठवाड्यातल्या घरांच्या माळ्यावर सापडते. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते भंगारात घालण्याआधी त्याचे गावातले नाव, घडवणाऱ्याचा धंदा आणि घरात त्याने केलेली कामे लिहून ठेवावीत.