ऊद आणि धूप : एका सुवासाचा इतिहास

गेल्या नवरात्रात आपल्या ज्ञातीतील एका घरी घटापुढे आरती चालू असता एका तरुण बंधूने धुपाटण्यातील ऊद काढून टाकण्याची सूचना केली. हा लोबान आहे, तो दर्ग्यात जाळतात, आपल्या देवीला तो कशाला, असा त्याचा आक्षेप होता. घरच्या वृद्ध आजी काही न बोलता उठून आत गेल्या. तो प्रसंग माझ्या मनात राहिला. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घेतला.

'ऊद' हा शब्द मुळात अरबी आहे. तेथे त्याचा अर्थ लाकूड, विशेषतः अगरूचे सुगंधी लाकूड, असा होतो. मराठीत मात्र तो झाडाच्या चिकाला लागू झाला. आपण ज्यास ऊद म्हणतो तो सुमात्रा बेटाकडील एका वृक्षाचा वाळलेला चीक होय. सालीला खाचा पाडल्या म्हणजे दुधासारखा रस पाझरतो, तो वाळून त्याचे खडे बनतात. 'लोबान' या नावाच्या मुळाशीही पांढरेपणाचाच अर्थ आहे. उदबत्ती हे नाव तर उदावरूनच पडले. तेव्हा ज्याला ऊद नको, त्याला उदबत्तीसाठीही दुसरे नाव शोधावे लागेल.

चौदाव्या शतकात सुमात्रास गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने या चिकाचा 'लुबान जावी' असा उल्लेख केला आहे. पुढे युरोपीय लोकांच्या जिभेवर त्याचे 'बेंजोई' झाले. मित्शेरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली या उदापासून मिळणाऱ्या आम्लातून जो द्रव काढला, त्याचे 'बेंझिन' हे नाव त्याचेच वंशज आहे. आपल्या मुलांना रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते नाव भेटते, पण त्यामागे देवघरातला ऊद आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या वस्तूची चर्चा आपल्या परिसराजवळही झाली आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी द्रव्यांवरील जो संवादग्रंथ छापला, त्यातील एक संवाद उदावर आहे. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. त्या काळी आपला भाईंदर-उत्तनचा मुलूखही पोर्तुगीजांकडे होता. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ मध्ये वसई त्यांस दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी चौकजवळचा धारावीचा किल्ला व पाठोपाठ वसई जिंकली. राज्य गेले, चर्चे राहिली. सणाच्या दिवशी साखळीला टांगलेल्या पात्रातून धूप तेथेही दरवळतो. पारशी बांधवही अग्नीत सुखडीबरोबर लोबान वाहतात. एकाच सुवासाला इतके भक्त आहेत.

बरे, आपल्या भूमीचा धूप याहून पुरातन आहे. गुग्गुळाचे स्तवन अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात आले असून, त्याच्या गंधाने रोग पळतात, अशी तेथे श्रद्धा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात खाडीपलीकडील सोपारा व कल्याण ही बंदरे नोंदलेली आहेत. त्याच वृत्तांतानुसार भडोचहून गुग्गुळ परदेशी जाई आणि सिंधूच्या मुखाशी परदेशचा धूप उतरे. म्हणजे ही देवघेव दोन हजार वर्षांची आहे. अरबस्तानच्या त्या धूपवृक्षाची सख्खी बहीण, आपली सालई, सातपुड्यात व मेळघाटात उभी आहे. तिच्या गोंदास संस्कृतात कुंदुरू म्हणतात.

मिठागरावरून माणसे परतली की तिन्हीसांजेला शेणीच्या निखाऱ्यावर ऊद पडे. डास हटत, ओटीपासून माजघरापर्यंत वास भरे, आणि एकवीरेच्या तसबिरीपुढे हात जोडले जात. बाळंतिणीच्या खोलीत ओवा व वावडिंगाबरोबर त्याची धुरी असे. आता घरे बंद सदनिकांची झाली आहेत. दम्याच्या माणसास कोंडलेला धूर बाधतो, हे वैद्यकाचे म्हणणे खोटे नाही. खिडकी उघडून हरभऱ्याएवढा खडा पुरे.

खरा धोका निराळाच आहे. बाजारातील पुष्कळ 'धूप' म्हणजे राळ, कोळशाचा भुगा व अत्तर यांची गोळी असते. तिचा धूर काळा व नाक चुरचुरविणारा असतो, तर अस्सल उदाचा वास गोडसर असतो. गुग्गुळाची दशा तर शोचनीय आहे. कच्छ-राजस्थानातील ते खुरटे झाड अधिक चिकाच्या लोभाने खोल जखमा केल्यामुळे वाळून जाते. त्याची गणना आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. देवाला वाहिलेल्या चिमटीसाठी झाड मरावे, हे कोणत्याही देवास मानवेल असे मला वाटत नाही.

त्या तरुण बंधूस मी हे सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकले, वाद घातला नाही. जाताना एवढेच विचारले, 'गुरुजी, आजीसाठी अस्सल ऊद कोठे मिळेल?' मी त्यास काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाण्यास सांगितले, आणि पुडी न घेता खडा मागून, वास घेऊन मगच पैसे द्यावेत, असेही बजावले.