मूळ बाजारात, फूल पहाडात

अथर्ववेदात ताप पळवून लावण्यासाठी ज्या वनस्पतीला आळवले आहे, तिचे नाव कुष्ठ. ती हिमवंतावर जन्मते आणि तेथून पूर्वेकडील लोकांकडे नेली जाते, असा तिचा ठावठिकाणाही तेथेच नोंदवलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखाजवळील बार्बरिकम आणि आपले भडोच या बंदरांतून निघणाऱ्या मालात ‘कोस्टस’ आढळते. हे नाव संस्कृतातूनच गेलेले. मराठी गांधी आजही याच सुगंधी मुळाला कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात.

मुळाचा व्यापार अठराशे वर्षांहून अधिक चालला, पण ते कोणत्या झाडाचे, हे युरोपातील विद्वानांना ठाऊक नव्हते. खणणाऱ्या पहाडी माणसांना ठाऊक होते; त्यांना विचारायला कोणी गेले नव्हते, इतकेच. 1753 मध्ये लिनियसने ‘कोस्टस’ हे नाव आल्याशी नाते सांगणाऱ्या एका निराळ्याच प्रजातीला देऊन टाकले. सह्याद्रीत पावसाळ्यात पांढरा फुलणारा पेवाही पुढे त्याच प्रजातीत गणला गेला. जुने व्यापारी नाव अशा रीतीने भलत्याच झाडाला चिकटले.

हा गुंता सुटला तो काश्मीरमध्ये. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर 1830 च्या दशकाच्या अखेरीस तेथे गेले. त्यांनी झाड फुलासह पाहिले. माणसाच्या उंचीचे खोड, तळाशी मोठी पाने आणि टोकाशी दाटीने बसलेले काळपट जांभळे फुलोरे. म्हणजे हे झाड आल्याच्या नात्यातले नव्हे, सूर्यफुलाच्या कुलातले. मात्र झाड ओळखणे आणि प्राचीन माल ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुळाचा वास, ‘कुठ’ हे स्थानिक नाव, शालींना कसर लागू नये म्हणून होणारा वापर आणि चीनमध्ये धूपासाठी होणारी निर्यात असे धागे जुळले, तेव्हा कोठे फाल्कनर यांचा दावा भक्कम झाला. नव्या प्रजातीला त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांचे नाव दिले. ज्यांनी पिढ्यानपिढ्या ते मूळ खणले, त्यांचे नव्हे. आज ही वनस्पती प्रामुख्याने सॉस्सुरिया कॉस्टस या नावाने ओळखली जाते.

ओळख पटल्याने झाडाचे संरक्षण झाले नाही. मूळ काढायचे म्हणजे झाडच उपटायचे, आणि ते पोसायला काही वर्षे लागतात. काश्मीर दरबाराने कुठावर मक्तेदारी ठेवली, तरी खणणे थांबले नाही. 1920 च्या दशकात लाहौलच्या शेतकऱ्यांनी ते वाफ्यांत लावले. तीन हजार मीटरच्या आसपासच्या, बर्फाखाली झाकल्या जाणाऱ्या त्या शेतांत ते रुजले आणि खोऱ्याचे नगदी पीक बनले. पुढे बटाटा आणि वाटाणा यांनी त्याची जागा घेतली.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराने कुठाला 1975 मध्ये दुसऱ्या आणि 1985 मध्ये सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात घातले. 1991 च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या मोजक्या सहा वनस्पती वा वनस्पतिगटांना स्थान मिळाले, त्यांत कुठ आहे. त्यामुळे शेतात लावण्यासाठीही परवाना लागतो.

लाहौलच्या शेतांत कुठासोबत पुष्करमूळही घेतले जाते. तेही सूर्यफुलाच्याच कुलातले, आणि त्याचे मूळ कुठात भेसळीला चालते. शेतात दोघांची गल्लत होत नाही, कारण पुष्करमुळाची फुले पिवळी असतात. पण शरद ऋतूत मुळे निघतात, वाळतात, त्यांचे तुकडे होतात. मग फूल नसते. पुष्करमुळाचा तुकडा प्रयोगशाळेत वेगळा काढता येतो. मात्र कुठाचाच तुकडा वाफ्यातला की चोरून खणलेल्या रानातला, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. तेथे अधिकाऱ्याच्या हाती उरतो तो सोबतचा कागद.